कर्नलसाहेबांची ओ

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. खरं तर स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमवरही नव्हता... आणि घोटाळा नेमका तिथेच आहे.

१९९९ साल. सांगलीत हळदीच्या एका गोदामावरच्या खोलीत मी एकटा राहायचो. माझे मालक वजनकाटे बनवायचे. यूएसबी तेव्हा नवं होतं. काट्यावरचं वजन केबलमधून कॉम्प्युटरवर आणायचं, हे माझं काम. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्याला म्हणतात कर्नल. त्याच्या आत हात घालायची माझी अक्कल नव्हती, म्हणून बाहेरूनच, साध्या प्रोग्रॅमसारखा, काटा आणि कॉम्प्युटर जोडणारा ड्रायव्हर लिहीत होतो. प्रोग्रॅम काट्याला हाक मारणार, काट्याने ओ द्यायची. ओ आली की पडद्यावर ‘हाजिर’ उमटेल असा चावटपणाही करून ठेवला होता. दिवसभर माझ्याशी बोलणारं दुसरं होतंच कोण? पण काटाही बोलेना. सदा टाइम-आउट, म्हणजे वाट पाहिली, ओ आली नाही.

कोरेगावला आबा, माझे वडील, फौजेतले रिटायर्ड हवालदार. आई गेल्यापासून तेही एकटेच. फोनवर एकदा त्यांना म्हणालो, “कर्नलच्या बाहेर राहून काम करतोय.”

“कर्नलसाबांकडं? लय भारी रं!”

चूक दुरुस्त करणार होतो... पण त्याआधी आमचे फोन ‘जेवलास का’, ‘जेवलो’ एवढ्यावर संपायचे. आता आबा खुलून विचारायचे आणि मी ठोकून द्यायचो. कर्नलसाहेबांना सर्दी झाली, कर्नलसाहेब माझ्यावर डाफरले... असला माणूस कोण मरू देईल?

एका दुपारी आबा दारात हजर. हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा बॉक्स.

“कुटं हायत साब?”

कर्नल गेला की आम्ही पुन्हा ‘जेवलास का’वर येणार! “साहेब दौऱ्यावर गेलेत,” मी पुटपुटलो.

“ऱ्हाऊ दे.” आबांनी बॉक्स सरळ काट्यावर ठेवला. “ह्ये काय खूळ?”

“मी हाक मारतो, याने ओ द्यायची. देत नाही.”

“हाक मारतोस कशी? नावानं?”

“नंबराने.”

“तरीच!” आबा उठले, टोपी नीट केली आणि परेडच्या आवाजात गरजले, “कर्नलसाब! नाश्ता आणलाय!”

पडद्यावर उमटलं — हाजिर. खाली वजन, ५१२ ग्रॅम. काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डबीवरही तेच.

मी नाचलोच! आबांनी शांतपणे पडद्याला सॅल्यूट ठोकला.

त्यांना स्टँडवर सोडून आलो आणि केबल दिसली. सकाळी झाडताना काढून खिळ्याला अडकवली होती — मीच. काटा कशालाच जोडलेला नव्हता. कॉम्प्युटरला माइकही नव्हता. प्रोग्रॅममध्ये चूक असेल म्हणावं, माझ्या प्रोग्रॅममध्ये ती असतेच... पण चुकून नेमकं ५१२?

रविवारी आबांचा फोन आला. “साब काय म्हनले?”

“पेढे आवडले म्हणाले.”

“खुळ्या, उभा जन्म फौजेत गेला माजा. कर्नल आसा गोदामावर ऱ्हातो व्हय? मला ठाव हाय, कुनी न्हाई. पर त्याच्यामुळं तू बोलतोस तरी.”

मी विचारलं, “आबा, मग ओ कुणी दिली?”

“आता ते मला इचारतोस? तुजं डिपारमेंट हाय ते!”

ड्रायव्हर पुढे केबल लावून रीतसर चालला. आमचे फोनही चालू राहिले. खरं ठाऊक असूनही पुढच्या रविवारी आबांनी साहेबांची सर्दी विचारली आणि मी ती सविस्तर सांगितली.

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो काटा आणि तो कॉम्प्युटर मी मोडीत काढलेला नाही. कधी कधी केबल काढून खिळ्याला अडकवतो, काट्यावर पेढे ठेवतो आणि आबांच्या आवाजात ओरडून बघतो. कसं घडलं होतं ते, मला आजही सांगता येत नाही.

हाक मारताना हल्ली नाव मात्र कर्नलचं घेत नाही. आबांचं घेतो.

टाइम-आउट येतो.