नावाच्या दिवशी गप्प राहिलेला कॅप्टन

हे सर्वसाक्षी करुणाघना, तुला नावे हजार, रूपे हजार, आणि त्यांतले एकही खोटे नाही. तू वेष घेतोस तो भक्ताला भेटण्यासाठी. माणूस वेष घेतो तोही भेटीच्याच ओढीने. पण वेष अंगावर नीट बसला, की बिचाऱ्याला भेटीचीच धास्ती वाटू लागते. तुझ्या चरणी माथा ठेवून अशाच एका भल्या जिवाची कथा सांगतो.

ग्रीसमधल्या वोलोस बंदरात आमच्या गल्लीत पंतेलिस राहतो. वय एकसष्ट. पिलिओच्या डोंगरातल्या गावांना बस नेतो आणि आणतो. बायको देवाघरी गेल्यापासून संध्याकाळी टेबलावर एक ताट, एक पेला, आणि समोर रिकामी खुर्ची. त्या खुर्चीकडे पाहता पाहता त्याने एके दिवशी फोनवर जोडीदार शोधण्याच्या जागी आपले नाव घातले. म्हणजे आपले घातलेच नाही. त्याला वाटले, पंतेलिस हे आजोबांचे नाव. या नावाच्या माणसाला कोण पत्र लिहील? म्हणून झाला अलेक्झांड्रोस. बसचालकाचा झाला जहाजाचा कॅप्टन. फोटो होताच: कार्निव्हलला गंमत म्हणून कॅप्टनची टोपी घातली होती तेव्हाचा.

सज्जनहो, यात कुणाला लुबाडण्याची बुद्धी नव्हती. आपण आहोत तसे कुणाला पुरणार नाही, एवढीच मनातली शंका. आणि मनाचा न्याय तरी कसा पाहा: आपले खोटे म्हणजे तोंडाला लावलेली पावडर, दुसऱ्याचे खोटे म्हणजे दगा!

उत्तर आले लारिसाहून. एव्हांथिया, विधवा, पडदे शिवणारी. तिने लिहिले, आमच्या सपाट गावात उन्हाखेरीज काही नाही; कॅप्टन, तुमचा समुद्र कसा आहे? झाले. खोटे लावले की त्याला रोज पाणी घालावे लागते. पंतेलिस डोंगरातल्या थांब्यावर बस उभी करी आणि लिहून पाठवी, की लिम्नोस बेटाच्या बाजूला वारा फार आहे. खाली प्रवासी पोती चढवीत असत, आणि हा वर लाटा उसळवीत असे. तिच्या प्रश्नांनी त्याची संध्याकाळ मात्र भरू लागली. रिकाम्या खुर्चीवर फोन टेकवून तो जेवू लागला.

थोरली बहीण आसिमिना हिला सुगावा लागला. ती म्हणाली, "अरे, बोटीत पाय ठेवलास की लिंबू हुंगत बसतोस. तू कसला कॅप्टन?"

"ताई, तिला समुद्र आवडतो."

"मग समुद्र दाखव. तो तिथेच आहे. तू कुठे आहेस ते सांग."

सांगायचे तर होतेच. पण सांगितले आणि ती गेली तर? म्हणून आज नको, उद्या.

अशात जुलैची सत्तावीस तारीख आली, संत पंतेलेइमोनांचा दिवस; पंतेलिस हे त्याच नावाचे घरगुती रूप. आमच्याकडे मोठ्या माणसाचा सण म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस. बोलावणे कुणाला नसते, दार सगळ्यांना उघडे असते. सकाळपासून शेजारी, चालक मंडळी, मावश्या, मिठाईचे डबे. आसिमिना त्सिपुरो दारूचे पेले भरते आहे आणि फोन वाजून वाजून थकतो आहे. रात्री त्याने एव्हांथियाला कळवले, की वादळ होते, संपर्क तुटला होता. त्या दिवशी समुद्र तेल ओतल्यासारखा शांत होता.

तीस ऑगस्ट उजाडला, संत अलेक्झांड्रोसांचा दिवस. एव्हांथियाने पहाटेच शुभेच्छा पाठवल्या. उत्तर तत्काळ आले. दुपारी लिहिले, तत्काळ. सायंकाळी लिहिले, तत्काळ. मग तिने कळवले, की रविवारी मी वोलोसच्या धक्क्यावर येते आहे.

पंतेलिसला जेवण जाईना. रविवारी तो टोपीशिवाय गेला, मनात कबुलीचे एकच वाक्य घोटत. धक्क्यावर ती उभी होती, फोटोपेक्षा बरीच पिकलेली, हातात मिठाईचा डबा. त्याने तोंड उघडण्याआधीच तिने डबा पुढे केला.

"महिनाभर उशीर झाला. शंभर वर्षे जगा, पंतेलिस."

नाव कुणी सांगितले, एवढेच त्याने कसेबसे विचारले.

"तुम्हीच. अलेक्झांड्रोसांच्या दिवशी हातात फोन घेऊन रिकामा बसलेला अलेक्झांड्रोस अख्ख्या देशात सापडायचा नाही. आणि पंतेलेइमोनांच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत गप्प कोण राहील? ज्याचे घर भरले आहे तोच. मला वाटले, ज्याच्या दारी एवढी माणसे येतात, तो माणूस वाईट नसावा."

"मी बस चालवतो," तो खाली पाहून म्हणाला. "मला बोट लागते."

"आणि मी वय त्रेपन्न लिहिले होते. साठ आहेत. मधली सात नवऱ्याच्या दुखण्यात गेली, ती मी जगलेच नाही, म्हणून धरली नाहीत."

पंतेलिसने तिच्याकडे नीट पाहिले. म्हणाला, "मग ती सात अजून शिल्लक आहेत की तुझी."

'तुमची'ची 'तुझी' झाली, ते दोघांच्याही ध्यानात आले. डबा तिथेच धक्क्यावर उघडला.

पुढच्या जुलैत दार उघडेच होते, आणि येणाऱ्यांना पेले भरून देत होती एव्हांथिया. आसिमिनाला बसायला खुर्ची मिळाली नाही. तिने तक्रारही केली नाही.

जे नाव त्याने लपवले, त्या नावाचा अर्थच मुळी सर्वांवर दया करणारा. हे दयाघना, त्या नावाची लाज राख. पंतेलिसचा घाट सुखरूप उतरू दे, एव्हांथियाची सुई सरळ चालू दे, त्या टेबलावर दोन ताटे राहू देत, आणि त्या घराचे दार नावाच्या दिवशी कधी मिटलेले न दिसो.