चाचांचा चुकलेला ठेका

"अवो चाचा, वाजवा की! घोडं थांबलं!" मुरूमच्या वेशीत पाटील ओरडत होते. पाटलांचा थोरला नवरदेव होऊन वर, घोड्याचा एक पाय हवेत आणि अख्खं वऱ्हाड खोळंबलेलं. घोडं नाचरं होतं आणि चाचांच्या ताशाशिवाय पाऊल टाकत नव्हतं.

आमच्या ताशेवाल्या चाचांइतका अचूक ठेका अल्लानं दुसऱ्या कुणाच्या हातात घातलाच नाही. निजाम गेला, शेर जाऊन किलो आले, पण चाचांच्या काड्या कधी मागंपुढं झाल्या नाहीत. वारं बरं असलं तर कैक कोसांवरच्या बेंबळीत बायका त्याच तालावर भाकरी थापत, हे मी शपथेवर सांगतो.

त्या दिवशी मात्र ते काड्या खाली ठेवून म्हणाले, "पाटील, हात न्हाय चुकला. छाती चुकली."

"मग धाकट्याच्या लग्नाला दुसरा ताशेवाला बघतो," पाटील म्हणाले. हे चाचांच्या जिव्हारी लागलं.

मी त्यांना तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेलं. पाय सुजलेले, ओठ निळसर, चार पायऱ्यांत दम. डॉक्टरांनी मनगट धरलं, तोवर चाचांनी हिशेब सांगितला : "साहेब, छातीत सोळा वाजत्यात, मनगटाला बाराच पोचत्यात." डॉक्टरांनी नळी लावली. चाचांची बोटं टेबलावर तोच वेडावाकडा ताल धरून होती. एका ठोक्याचा फरक नाही!

डॉक्टर थक्क. म्हणाले, "ताशाचं कातडं ताणून बसावं म्हणून जन्मभर तो शेकत धुरावर वाकलात. फुफ्फुसं बिघडली, तिथल्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला. त्या दाबाशी झगडून हृदयाची उजवी बाजू थकली, म्हणून ठोके विस्कटले. गोळ्या घ्या. धूर बंद, चालत वाजवणं बंद."

"अन् बसून?"

डॉक्टरांना हसू आलं. "बसून थोडं चालेल."

वर्षानं धाकट्याची वरात निघाली. सोलापूरहून आणलेला ताशेवाला घामानं भिजला, पण घोडं ढिम्म! एवढ्यात बैलगाडीत गादीवर बसून चाचा आले.

"पाटील, ताशा शेका. आपल्याला धूर मना हाय."

आणि भरजरी फेट्यातले पाटील पाचोळ्याच्या जाळापुढं उकिडवे बसले, नाकाडोळ्यांतून पाणी गाळत ताशा शेकू लागले! पहिली काडी पडली आणि घोडं असं उधळून नाचलं, की बाशिंग मांडवात आधी पोचलं, नवरदेव मागून.

वऱ्हाड जेवायला बसल्यावर मी गाडीपाशी गेलो. पायांची सूज उतरली होती. ओठ मात्र अजून निळसर होते.

"चाचा, छाती आली का ठेक्यावर?"

"न्हाय," ते म्हणाले. "पर हात आता तिचं ऐकत न्हाईत."