सर, मी पीएच.डी. सोडतोय

टिपणीस सरांचे किस्से आम्ही कधी जमवले नाहीत, ते साचत गेले! सत्तर सालाच्या आसपास आम्ही चौघं त्यांच्या हाताखाली केमिस्ट्रीत पीएच.डी. करत होतो. एकेक करून चौघांनीही सोडली. अजूनही घाटकोपरला आमच्यातल्या शैलाकडे जमलो, की गप्पांची गाडी तिथेच येते. सरांना कुणी कसं सांगितलं?

*

पहिला गेला देसाई. चार वर्षं घासली होती त्याने. सरांसमोर जाऊन उभा राहिला. कसंबसं म्हणाला, "सर, मी सोडतोय."

सरांनी पेपरातून डोकं वर काढलं. "असं? वाईट झालं. बरं, विषय काय होता रे तुझा?"

*

हरेश्वर वर्सोव्याचा, कोळ्यांचा. दर रविवारी मुलुंडला सरांच्या घरी मासळी पोचवायची, हा त्याच्या रिसर्चचाच भाग! त्याला औषध कंपनीत नोकरी लागली. घाबरत घाबरत सरांना सांगायला गेला.

सर मनापासून हळहळले. "अरे, मग पापलेटचं काय?"

"मार्केटात मिळतं, सर!"

*

शैला कांबळे आमच्यात सगळ्यात हुशार. ती सोडते म्हणाली, तर सर हसले. "लग्न ठरलं वाटतं!"

"नाही सर. बँकेत लागले."

"वेडी की काय! तुझ्या रीडिंग्जवर पेपर लिहायचाय ना आपल्याला?"

"लिहिलात की! मागच्या महिन्यात छापूनही आला. माझं नाव तेवढं राहिलं."

सर शांतपणे म्हणाले, "प्रिंटरची चूक!"

*

माझी तऱ्हा वेगळीच. सरांच्या घरी गेलो, तर ते स्टुलावर चढून पंखा पुसत होते. "बरा आलास. स्टूल धर."

धरलं. सगळी धूळ माझ्या डोक्यावर. पाठ करून आणलेलं भाषण राहिलंच. शेवटी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "सर, मी रिसर्च सोडतोय!"

"सोड. स्टूल सोडू नकोस!"

आणि मी धरून उभा राहिलो, यार! तिन्ही पाती पुसून होईपर्यंत!

*

पुढे सर रिटायर झाले. निरोप समारंभाचं आमंत्रण आम्हा चौघांनाही. हॉल गच्च भरलेला. शाल, श्रीफळ, हार, सगळं झालं. सर माईकसमोर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत माझा एकही विद्यार्थी पीएच.डी.त नापास झाला नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! सगळ्यात जोरात शैलाच्या.