माजघरातली ट्यूबलाइट

बाबांना माजघरात टाकलं होतं, हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. 'टाकलं' हाच शब्द बरोबर आहे. खुब्याचं ऑपरेशन करून घरी आणलं आणि वारा लागेल म्हणून, जिथे खिडकीच नाही तिथे त्यांची खाट लावली. वर दिवसरात्र ट्यूबलाइट. बाबा दिवसा घोरायचे आणि रात्री "घंटा झाली काय?" म्हणून ओरडायचे. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस.

आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. मुंबईच्या भावाने बाबांच्या उशाशी फोन धरायला लावून व्हिडिओ कॉलवरच निकाल दिला, की यांच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि आपण एक चांगला आश्रम बघून ठेवलाय. मला दोघांचाही संताप आला. भावाचा जास्त, कारण तो शिकलेला.

मी देवगडला दिलेली मुलगी, शाळेत जीवशास्त्र शिकवते; बाबांसाठी रजा काढून माहेरी आले होते. आपल्या पेशींमध्ये काही प्रथिनं तयार होत राहतात, पुरेशी साठली की स्वतःचीच निर्मिती बंद पाडतात, मग हळूहळू मोडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. झोप-जाग ठरवणाऱ्या या फेऱ्याला साधारण एक दिवस लागतो. उन्हाळा असो की थंडी, तो फारसा चुकत नाही. पण साधारण म्हणजे नेमका नव्हे. तो बाहेरच्या दिवसाशी जुळवायला सकाळचा उजेड डोळ्यांत जावा लागतो. हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, तुझ्या पुस्तकात वारा नसेल. भाऊ म्हणाला, तू डॉक्टर आहेस का? म्हणून डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, रक्त तपासू, पण आधी त्यांना उजेडात आणा.

मग मी वाद घातला नाही. शेजाऱ्यांना बोलावलं, बाबांसकट खाट उचलून पडवीत आणली. सकाळी ऊन, रात्री काळोख. आई माझ्याशी बोलेना. पण बाबांची झोप हळूहळू रात्रीकडे सरकली आणि एका सकाळी त्यांनी पेपर मागितला. देव पावला म्हणून आईने नारळ ठेवला. पावो बापडा.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला, आश्रमवाल्यांना काय कळवू? मी तोंड उघडणार तोच बाबांनी हात पुढे केला.

"माका खंय धाडूचा, ता तू माझ्या उशाक बोलत होतंस," ते शांतपणे म्हणाले. "मी येडो झालंय, ता पण. माका सगळा ऐकाक येत होता रे."

पलीकडे भाऊ "तसं नव्हे बाबा, तसं नव्हे" करत राहिला. भावाच्या मदतीला जावं असं मला अजिबात वाटलं नाही.