टंचाई शाखेतल्या मॅडम

कुणी कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकायला बसलं, की आमच्या ऑपरेटर मॅडम मान वळवून खिडकीबाहेर बघत. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. कोरडा हौद, आणि हौदाच्या सावलीला पडलेली एक कुत्री. तरी त्या बघत राहत. “टाका काका,” म्हणत, “मी तिकडं बघून राहिले.” तहसीलदार असोत की शिपाई, मान वळायचीच. तुम्हीही बरीच सभ्य माणसं पाहिली असतील. पण आठ अक्षरांसाठी इतक्या अदबीनं तोंड फिरवणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळातली ही गोष्ट. उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका तालुक्याच्या गावी मी कारकून होतो. पाण्याच्या टँकरचं काम बघणाऱ्या टंचाई शाखेत माझं टेबल होतं. मॅडम कंत्राटावर होत्या. कुठल्या वाडीला टँकरच्या किती खेपा गेल्या, ते रोज कॉम्प्युटरवर चढवणं हे त्यांचं काम. वय चाळिशीच्या पुढं, आवाज बारीक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

कॉम्प्युटरची आम्हा सगळ्यांनाच भीती वाटे. एकदा त्यात व्हायरस आला, असं कळल्यावर शिपायानं पडदा ओल्या फडक्यानं घासून पुसला. मॅडम हसल्या नाहीत. त्याला जवळ बसवून म्हणाल्या, “लग्नात एखादा बिनबोलावलेला माणूस पाहुण्याच्या मागं मागं आत येतो ना, तसा हाय हा. आपण पेन ड्राइव्हला दार उघडतो, आन् हा त्याच्या पाठीशी लपून येतो. म्हणून अनोळखी पेन ड्राइव्ह लावायचा न्हाई.” शिपाई इतका शहाणा झाला, की एकदा त्यानं खुद्द साहेबांचाच पेन ड्राइव्ह अडवला.

बॅकअप मला त्यांनीच शिकवला. मी सगळ्या फायलींची दुसरी प्रत काढून त्याच कॉम्प्युटरमध्ये ठेवली आणि अभिमानानं दाखवली. त्या म्हणाल्या, “काका, लोणच्याच्या दोन बरण्या एकाच फळीवर ठेवल्या आन् फळी पडली, तर? दुसरी बरणी दुसऱ्या घरी पाहिजे.”

माझ्या पासवर्डवर मात्र त्यांचा राग होता. मुलीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. तेही विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवलेलं. “चिठ्ठी फाडा,” हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मी तीनदा “हाव” म्हटलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या अव्वल कारकुनानं त्यांच्यापुढं एक कागद ठेवला. डोंगराकडच्या एका वाडीला रोज दोन खेपा गेल्या, असं त्यात लिहिलं होतं. खेपा चढल्या, की तेवढं टँकरचं बिल निघे. मॅडमनी टँकरच्या वहीशी ताडून पाहिलं. टँकर पोचला, की वाडीतल्या बायका वहीत सही करत; या वाडीच्या सह्याच नव्हत्या.

“हे मी चढवत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मग पासवर्ड सांगा. आम्ही चढवतो.”

“तोही सांगत न्हाई.”

त्या दिवसांत नवा जिल्हा होणार, अशी बोलणी जोरात होती. मुख्यालय कुठं होणार यावर चहाच्या टपरीवर भांडणं व्हायची. अव्वल कारकून समजुतीनं म्हणाला, “मॅडम, जिल्हाच नवा होऊन राहिला. जुनं रेकॉर्ड कोण काढून बघणार?”

“जिल्हा नवा होईल. माझं नाव तेच राहील,” मॅडम म्हणाल्या आणि कामाला लागल्या. मी मात्र फायलीत डोकं घातलं.

दुपारी डबा खाताना त्यांनी मला त्यांच्या वडिलांचं सांगितलं. भोकरकडचं खेडं. वडील रस्त्याच्या कामावर मजूर, अक्षरओळख नाही. हजेरी घेणारा माणूस त्यांचा अंगठा धरून शाईत बुडवायचा आणि कागदावर दाबायचा. कुठल्या कागदावर, ते वडिलांना कळायचं नाही. पुढं चौकशी आली. न केलेल्या कामाच्या दिवसांवर त्यांचा अंगठा निघाला. हजेरीवाला सुटला आणि वडील गावभर खोटे ठरले.

“बाबासाहेबांचा फोटो होता घरात. त्याच्यासमोर बसून बाप रडला,” त्या म्हणाल्या. “मला नांदेडला टायपिंगला घातलं तेव्हा एकच बोलला. तुझा अंगठा कुणाच्या हातात देऊ नको म्हणून. काका, पासवर्ड म्हणजे दुसरं काय हाय? अंगठाच की.”

मी भाकरीचा तुकडा मोडत बसलो. चिठ्ठी त्या दिवशीही फाडली नाही. आळस, दुसरं काही नाही.

पंधरा दिवसांनी त्या वाडीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या. टँकर महिनाभर आलाच नव्हता. कॉम्प्युटरवर मात्र रोज दोन खेपा दिसत होत्या. लातूरहून चौकशीला अधिकारी आले. त्यांनी नोंदी उघडल्या आणि माझ्याकडं बघितलं. सगळ्या नोंदी माझ्या लॉगिनवरून झालेल्या होत्या.

नोकरीची चार वर्षं उरली होती. “साहेब, मी केलं नाही,” एवढंच मी पुन्हा पुन्हा म्हणत होतो. अव्वल कारकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा होता. मी मदतीसाठी आजूबाजूला पाहिलं, तर जो तो फायलीत डोकं घालून बसला होता. अगदी माझ्यासारखंच.

मॅडम उठल्या. “साहेब, जरा बोलू का?”

“बोला.”

“लॉगिन काकांचं हाय, ते खरं. पण कॉम्प्युटर निसतं नाव लिहून थांबत न्हाई. कोण आलं, कुठल्या यंत्रावरून आलं, किती वाजता आलं, सगळं मागं लिहून ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. आपलं आवक-जावक रजिस्टर असतं ना, तसंच. फरक इतकाच, की ह्याची पानं आपल्याला फाडता येत न्हाईत. तेवढं मागवून घ्या. तोवर काकांकडून काही लिहून घेऊ नका.”

अधिकाऱ्यांनी ते मागवलं. महिन्याभराच्या सगळ्या नोंदी ज्या एका दुपारी चढवल्या होत्या, त्या दुपारी मी विहिरीच्या पंचनाम्याला दुसऱ्या गावी होतो. पंचनाम्यावर तलाठ्याची आणि सरपंचांची सही होती, वेळ होती. आणि यंत्र निघालं अव्वल कारकुनाच्या टेबलावरचं. माझ्या काचेखालची चिठ्ठी त्यानं वाचली होती. त्यानं शेवटी कबूल केलं. त्याच्यावर कारवाई झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वाडीला टँकर सुरू झाला.

मी मॅडमचे आभार मानायला गेलो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, तुम्ही खोटे नव्हता. पण निष्काळजी होता. दोन्ही खरं हाय.” मला लेखी ताकीद मिळाली. ती मी मुकाट्यानं घेतली.

पावसाळ्याच्या तोंडाला मॅडमच्या कंत्राटाची मुदत संपली. कंत्राटावरच्या इतर तिघांची वाढवून मिळाली, त्यांची नाही. त्यांनी कारण विचारणारा अर्ज दिला. उत्तर आलं, आवश्यकता नाही. त्यांनी दुसरा अर्ज दिला. त्याला उत्तरच आलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या हातानं स्वतःचं लॉगिन बंद करून घेतलं, तसं लेखी घेतलं, आणि मगच चष्मा पुसून उठल्या. त्या वेळी मात्र मी गप्प बसलो नाही. त्यांच्या बाजूनं साहेबांना पत्र लिहिलं. उपयोग झाला नाही, पण सही माझी होती.

पुढं त्यांच्या यजमानांची बदली हदगावला झाली आणि त्या तिकडं गेल्या. एकदोनदा फोन झाले. मग माझा नंबर बदलला, त्यांचाही बदलला असावा. पुन्हा भेट काही झाली नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं, ते त्याच डोंगराकडच्या वाडीत, त्या हदगावला जाण्याआधी. पाऊस लांबला होता. मी टँकरची वही तपासायला गेलो होतो. समाजमंदिराच्या ओट्यावर वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या आणि मॅडम मधे उभ्या राहून मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचं सांगत होत्या. कुणी बोलावलं नव्हतं, आपणहून येत होत्या.

“ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. चोराला तुमचं दार फोडता येत न्हाई, म्हणून तो गोड बोलून किल्ली मागतो.”

एका म्हातारीनं विचारलं, “पर बँकेचा सायबच मागू लागला तर ग माय?”

“सायबाकडं अख्खी बँक हाय मावशी. त्याला तुझी किल्ली कशाला?”

बायका हसल्या. तेवढ्यात टँकरचा आवाज आला आणि ओटा रिकामा झाला. घागरी, कळश्या, डबे घेऊन सगळ्या धावल्या. ढकलाढकली सुरू झाली, ती म्हातारी खाली पडली. मॅडमनी पदर खोचला, गर्दीत शिरल्या आणि ड्रायव्हरच्या हातातून पाइप घेतला. “आधी म्हाताऱ्या, मग लेकुरवाळ्या. रांग धरा, मी हालत न्हाई इथून.” रांग लागली. पहिली घागर त्या म्हातारीची भरली. पाण्याच्या धक्क्यानं त्यांचं बारकं शरीर मागं रेटलं जात होतं, चिखलात चपला रुतत होत्या, साडी कमरेपर्यंत भिजली होती. त्या पुन्हा पाय रोवत आणि पाइप पुढच्या घागरीवर धरत.