अर्धा कप चहा आणि कॅलेंडरचं पान

माझे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच सुटले. ही वही कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते.

फणसवाडीतल्या आमच्या खोलीत भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कॉलेजच्या मित्रांबरोबर मूक फिल्म काढत होते. कॅमेरा उसना, खोली आमची, पोहे माझे. नोकरी गेलेला कारकून संध्याकाळी चहा घेत बसतो आणि बायकोला ते सांगू शकत नाही, अशी गोष्ट. अर्धे काम झाले, तोच बाहेर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आला. सगळे घोषणा देत खाली पळाले.

जाताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, कंटिन्युइटी तुमच्याकडे हं."

"ती काय असते?"

"सिनेमातली संध्याकाळ एकच, पण काढणार दोन दिवस. तेव्हा खोली उद्याही नीट दिसली पाहिजे."

'नीट' हा शब्द मला कळला. सकाळी मी अर्धा चहा ओतून कप घासून पालथा घातला. तसबिरीचा सुकलेला हार बदलला. कॅलेंडरचे कालचे पान फाडले. पाहुण्यांना शिळी तारीख दाखवायची का?

शूटिंग झाले. पोह्यांच्या नादात कुणाच्या काही लक्षात आले नाही.

पंधरा दिवसांनी फिल्म धुऊन आली. शॉट जोडून पाहिले, तर कारकून कप तोंडाला लावतो आणि पुढच्याच शॉटला कप पालथा, हार ताजा, तारीख दुसरी.

कारकून झालेला सदू ओरडला, "वहिनी, एका घोटात दिवस उलटला! चहात घातलं होतं तरी काय?"

भाऊजी हसले नाहीत. शनिवारी गॅदरिंगला फिल्म दाखवायची होती, आणि रोलही संपला होता, वर्गणीही.

मी दाराआडून म्हटले, "पान फाडतानाच दाखवलं तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळ झाली. तो रात्रभर तसाच बसला. बोललाच नाही बायकोशी."

सदू म्हणाला, "आणि हात बायकोचा. तुमचाच, वहिनी!"

आमच्या ह्यांना न सांगता मी शेजारच्या ताईंकडून छोट्या रोलचे पैसे उसने आणले. फाडलेल्या पानांच्या मागे मी धोब्याचा हिशेब लिहीत असे, म्हणून ती जपलेली होती. त्यातली शूटिंगच्या दोन दिवसांची पाने भाताच्या शितांनी कॅलेंडरवर चिकटवली. कॅमेरा सुरू झाल्यावर वरचे पान मी फाडले.

रोल तातडीने धुऊन आणला, आता शॉट मधे जोडायचा होता. फिल्मचे टोक ब्लेडने खरवडायचे, फिल्म चिकटवायचे उग्र वासाचे सिमेंट लावायचे, दाबून धरायचे. वाती वळणाऱ्या हाताला ते चटकन जमले.

शनिवारी टाळ्या पडल्या त्या पान फाडण्याला. घरी मात्र दुसरे चिकटवलेले पान काढायचे मी विसरले होते, कॅलेंडरवर जुनीच तारीख दिसत होती. त्यामुळे चाळीस वर्षे उपास न मोडलेल्या सासूबाई एकादशीला पोटभर जेवल्या. "ही तुझी कंटिन्युइटी!" त्या म्हणाल्या. शब्द त्यांनी माझ्याहून स्वच्छ उच्चारला.

पुढे परळच्या एका स्टुडिओत मी फिल्मचे तुकडे जोडणारी जॉइनर म्हणून लागले. तिथे पहिल्या दिवशी टेबल पुसायच्या आधीही विचारले. सिनेमात 'नीट' म्हणजे 'कालच्यासारखे', एवढेच मी शिकले.

सासूबाईंची एकादशी काही परत देता आली नाही. ताईंचे पैसे मात्र तिसऱ्या पगाराला पुरते फिटले.