मोटारीवर हळदीचे सहा हात

वाचनालयाच्या फळ्यापाशी थांबणाऱ्या मित्रांनो, आज दुपारची गोष्ट आजच लिहून लावतो, कारण ती पोटात मावत नाही.

मोटारी भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपनीत मी सहा महिने कच्चा कारकून आहे. परत आलेल्या गाडीवरची प्रत्येक खूण, गाडी धुण्याआधी वहीत लिहायची, हे माझे काम. मला पक्के करायचे की घरी पाठवायचे, ते ठरवायला आज जबलपूरहून मोठे साहेब येणार होते.

नेमकी तेव्हाच खैरलांजीकडच्या लग्नाहून काळी गाडी परत आली. बॉनेटवर हळदीचे सहा हात!

"त्या गावात पयल्यांदाच मोटार गेलती, बाबू. नवरीच्या मावश्याईनं भिंतीवर उमटवतात तसे ठसे उमटवले," आमचे ड्रायव्हर श्यामकाका म्हणाले. "साहेब येऊन राह्यले. धुऊन टाकू का?"

"लिहिल्याशिवाय नाही," म्हणत मी ठसे मोजायला पट्टी काढली.

"काहून? मावश्याईले बांगड्या भरता का?"

मी मोजून नोंद पुरी केली, तेवढ्यात मागून कोणीतरी वही उचलली. साहेब! त्यांनी मोठ्याने वाचले, "हळदीचे ठसे सहा. पाच मोठे, एक लहान. नुकसान नाही."

"छोटा किसका है?"

"नवरीच्या बहिणीचा, साहेब. मीच उचलून धरलं तिले," काका म्हणाले.

साहेब खदखदून हसले. "लड़का पक्का! और गाड़ी कल धोना।"

संध्याकाळी काकांनी ती गाडी तशीच बाजारातून फिरवली. शेजारी मी बसलो होतो.

तुम्ही असता, तर नुकसानाच्या रकान्यात काय लिहिले असते?